तीन टिंबांची जागा

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी एक दगड ठेवलेला होता. तो खालच्या कारखान्यातून वर आणायला चार माणसं आणि वीस पायऱ्या लागल्या. त्यातल्या दोघांची कंबर धरली, तिसऱ्याने जन्मात पहिल्यांदाच वजन उचललं, आणि चौथी बाबांची धाकटी लेक होती, जिने खरं तर एकटीनेच तो उचलला होता.

दगड कोरा असता तर कोणाची काही तक्रार नव्हती. कोराच हवा होता. गल्लीच्या दुकानदार मंडळाने कोपऱ्यावर बाबांच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं होतं, आणि मंडळाचे चिटणीस चार वाजता मजकूर न्यायला येणार होते. म्हणून धाकटी मागच्या खोलीत चांगला काळा दगड शोधायला गेली. तिने एकाच्या अंगावरचं पोतं ओढलं, तर खाली उजव्या कोपऱ्यात बाबांच्या हातचे दोन शब्द आधीच कोरलेले होते.

जीव दिला.

बाकी सगळा दगड कोरा.

दुसऱ्या कोणाच्या घरात हे पाहून लोक चक्रावले असते. या घरात कोणी चक्रावलं नाही, सगळे घाबरले. कारण पणजोबांपासून या कारखान्यात पाटी शेवटाकडून कोरायची पद्धत होती. पणजोबांनी तरुणपणी एका धान्याच्या व्यापाऱ्याची पाटी सुरुवातीपासून कोरत नेली, आणि 'चिरंतन स्मर' इथे दगड संपला. व्यापाऱ्याच्या मुलांनी त्यांना भर बाजारात नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून नियम झाला, मागचं आधी आणि पुढचं नंतर. नियम बाबांनी चाळीस वर्षं पाळला. म्हणजे हे दोन शब्द एका वाक्याचा शेवट होते, बाबांनी ते मरण्याआधी कोरले होते, आणि वाक्याची सुरुवात ते सोबत घेऊन गेले होते.

"मराठीत एवढ्याशा शब्दाचा फरक आहे," आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण, रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होती आणि कोणाच्याही मरणाला बिचकत नसे. "आधी 'साठी' लागलं तर पाटी लागते. नाही लागलं तर पोलीस लागतात."

"म्हणूनच प्रश्न हेतूचा आहे," वकील म्हणाला. वकील म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. छिन्नी हातात धरायची वेळ येऊ नये म्हणून तो कायदा शिकला होता, आणि आता नऊ दिवस घरी राहिल्यामुळे त्याला वाद घालायला कोणी मिळत नव्हतं. "माणूस फरशीखाली सापडून गेला, हे झालं कृत्य. पण तो मरायला म्हणून धावला, की वाचवायला म्हणून धावला आणि मेला? पहिल्याला आत्महत्या म्हणतात, दुसऱ्याला आत्मबलिदान. प्रेत दोन्हीकडे सारखंच असतं."

"प्रेत म्हणू नकोस," आई म्हणाली.

"बरं. परिणाम."

"परिणाम तर मुळीच म्हणू नकोस."

घडलं होतं ते गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. समोरच्या दुकानात द्यायच्या फरश्यांचा ट्रक उतारावर उभा होता आणि चालक चहाला गेला होता. समोरचा, म्हणजे समोरच्या पाटीवाल्या दुकानाचा मालक, ट्रकच्या मागून रस्ता ओलांडत होता. दोरी सुटली, फरशी घसरली. बाबा आपल्या दारातून धावत गेले, त्यांनी समोरच्याला ढकललं, आणि समोरच्याच्या जागी स्वतः सापडले. पाहणारे दोघंच. एक समोरचा, पण त्याची पाठ ट्रककडे होती. दुसरा न्हाव्याच्या खुर्चीत, आणि त्याच्या तोंडावर गरम टॉवेल होता.

एवढ्यावर कोणालाही बलिदान दिसलं असतं. अडचण अशी होती, की बाबा आणि समोरचा बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एके काळी दोघांचं दुकान एकच होतं. मग एका वेलांटीवरून भांडण झालं, आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं झाली. कोणत्या शब्दाची वेलांटी, हे दोघांपैकी कोणीही कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटत असावी.

"शत्रूसाठी कोण जीव देतं?" वकील म्हणाला. "विरुद्ध बाजूचा वकील पहिला हाच प्रश्न विचारील."

"विरुद्ध बाजू कोण आहे पण?" धाकटीने विचारलं.

वकील क्षणभर गोंधळला. "ते नंतर ठरेल."

नऊ दिवस धाकटी कमीच बोलत होती, आणि घरात सगळ्यांनी त्याला दुःख हे नाव देऊन टाकलं होतं. दुःख होतंच. पण दुःखाच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. बाबा गेले त्या बुधवारी सकाळी ते दंतवैद्याची पाटी कोरत होते. हात थरथरत होता, 'दंत'मधला त वाकडा गेला. ती म्हणाली, "बाबा, थरथरतोय हात तुमचा. द्या इकडे." आणि तिने छिन्नी त्यांच्या हातातून काढून घेतली. चाळीस वर्षं कोरत आलेल्या कारागिराच्या हातातून, भाजीची पिशवी घ्यावी तशी. बाबांनी हात पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. पुढचं तू बघ." मग ते दारात जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने रस्त्यावर आवाज झाला.

पुढचं तू बघ. म्हणजे माझं संपलं. याचा दुसरा अर्थ तिला नऊ दिवसांत लागला नव्हता. मरण कोणासाठी का असेना, धावायच्या आधीच तिने त्यांना संपवलं होतं, असं तिला वाटत होतं.

"इथे खुणा आहेत!" काका ओरडले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, निवृत्त मास्तर. सकाळचं वर्तमानपत्र आलं, की बातम्यांच्या आधी शब्दकोडं फाडून घ्यायचे. ते दगडावर नाक टेकवून बसले होते. "'जीव'च्या डावीकडे. एक, दोन, तीन टिंबं."

ते धाकटीने सकाळीच पाहिलं होतं. बाबा कोरण्याआधी दर अक्षराच्या जागी खिळ्याने एक टिंब मारून ठेवत. म्हणजे 'जीव दिला'च्या आधी तीन अक्षरांचा शब्द होता.

"तीन अक्षरी!" काकांचे डोळे लकाकले. भाऊ गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला, आणि त्याबद्दल त्यांना लगेच अपराधीही वाटलं. "म्हणजे, मी आपलं सहज."

"गल्लीसाठी," वकील म्हणाला.

"चार."

"लोकांसाठी."

"तेही चार. 'साठी'लाच दोन जातात. उरतं एक. 'तीसाठी'?"

"कोण ती?" आईने विचारलं.

आईने पदर सावरला आणि एकेकाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला असा प्रश्न पडला नव्हता, आणि आता पडला होता तर उत्तर द्यायला माणूस नव्हता.

"वहिनी, 'तीसाठी' असं रूपच होत नाही," काका घाईघाईने म्हणाले. "तिच्यासाठी होतं. ती चार अक्षरं. म्हणजे ती नाहीच."

"व्याकरणाने वाचवलं मेल्याला," आत्या पुटपुटली.

"रागात," वकील म्हणाला.

धाकटी झटकन पुढे वाकली. "नाही बसत. 'रा'ला काना आहे. काना असला तर पुढचं टिंब लांब सरकतं. इथे पहिली दोन जवळजवळ आहेत आणि तिसरं लांब. पहिल्या अक्षराला काना नाही, दुसऱ्याला आहे." आपण हे किती भरभर बोललो हे तिच्या लक्षात आलं. पण कोणाचं तिच्याकडे ध्यान नव्हतं, कारण काकांनी पेन्सिल कानामागून काढली होती.

"पहिल्याला नाही, दुसऱ्याला आहे," ते म्हणत होते. "पहिल्याला नाही, दुसऱ्याला..." आणि त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच कोड्याचं उत्तर सापडूनही ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"अरे, काय आलं?"

"उगाच," काका म्हणाले.

उ, गा, च. धाकटीने टिंबांवर बोटं ठेवून पाहिली. बसत होतं. उगाच जीव दिला. 'रागात'ला निदान कारण तरी होतं. फक्त तिसऱ्या टिंबानंतर जागा एका कान्याइतकी जास्त वाटत होती, पण काकांच्या मते ते दोन शब्दांमधलं अंतर होतं. आणि पहिल्या टिंबाच्या डावीकडे एक बारीक उभी रेघ होती, ती काकांच्या मते वकिलाने जिन्यात दगड आपटला तेव्हाची होती.

"मी आपटला नाही!"

"तू नाहीस, तुझ्या हातून दगड आपटला. बघ, हेतू नसला तरी ओरखडा येतोच."

वकिलाला हे लागलं. तो उठला आणि म्हणाला, आता पुरावा लागेल, प्रत्यक्ष प्रयोग करून बघू. कोणी नको म्हणायच्या आत त्याने खुर्च्या भिंतीला लावल्या. काका समोरचा झाले. कपड्यांना इस्त्री करायची फळी कपाटाला टेकवून ती फरशी झाली. जमिनीवर दोन गाद्या घातल्या. आत्याने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. तीस वर्षं लोकांची नाडी मोजलेल्या बाईला आता हेतू मोजायचा होता.

"हेतू व्हायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"कायद्यात तसं लिहिलेलं नाही," वकील म्हणाला. "पण थोडा तरी लागत असेल. आई, तू फळी सोड."

"मी नाही सोडणार," आई म्हणाली. "मी का म्हणून सोडू?" शेवटी फळी आपोआपच घसरली. वकील दारातून धावला, त्याने काकांना ढकललं, काका गाद्यांच्या पलीकडे जाऊन पडले, आणि फळी वकिलाच्या नडगीवर बसली.

"दोन सेकंद," आत्या म्हणाली. "आता सांग. ढकलताना मनात काय होतं?"

"काय असणार?" वकील नडगी चोळत होता. "ढकलायचं होतं."

"मरायचं होतं?"

"नाही!"

"काकांना वाचवायचं होतं?"

वकिलाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तेही नव्हतं. फळी पडत होती आणि काका मध्ये होते. बस."

"म्हणजे हेतूच नव्हता. म्हणजे आत्महत्याही नाही, बलिदानही नाही. झाली ती फक्त धडपड," आत्या म्हणाली. "लिहा पाटीवर. यांनी धडपड केली."

"पण मग 'जीव दिला' आधीच का कोरून ठेवलं?" वकील ओरडला.

मग जो तो आपापला पुरावा काढू लागला. काकांना आठवलं, की महिन्यापूर्वी बाबा 'आता पुरे झालं' म्हणाले होते. आई म्हणाली, ते दर जेवणाला म्हणायचे, वाढताना. वकिलाला आठवलं, की बाबांनी आपले नवे बूट त्याला देऊन टाकले होते. आई म्हणाली, ते चावत होते. आत्याने मोठा पुरावा काढला. दंतवैद्याने बाबांना गुरुवारची वेळ दिली होती, दाढ काढायला. "गुरुवारी दाढ काढायची आहे म्हटल्यावर शहाणा माणूस बुधवारी मरणारच," ती म्हणाली, आणि हसता हसता रडू लागली. तीस वर्षांत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. काकांनी तिला आपला रुमाल दिला, त्यावर शब्दकोड्याच्या निळ्या पेन्सिलीचा रंग होता, आणि आत्याचं नाक निळं झालं.

धाकटी दगडाशी एकटीच उरली. सांगून टाकावं, असं तिला वाटलं. सांगितलं, की वकील ते पुराव्यात घेणार, आत्या तिच्या पाठीवर हात ठेवणार, आई काहीच बोलणार नाही. आणि मग जन्मभर या घरात एक वाक्य असणार, बाबांनी उगाच जीव दिला नाही, धाकटीमुळे दिला.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा साडेतीनच झाले होते. चिटणीस लवकर आले असं समजून वकिलाने गाद्या पायाने सरकवल्या. पण दारात समोरचा उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली, आणि वीस पायऱ्यांनी धाप लागलेली. बाबांनी ढकललं तेव्हा त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो सकाळीच रुग्णालयातून सुटला होता.

बावीस वर्षांत त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. काय करावं ते कोणालाच कळेना. मग आई म्हणाली, "बसा, भावजी," आणि तो बसायच्या ऐवजी रडायलाच लागला.

"वहिनी, मी काही हिशेब मागायला आलो नाही," तो म्हणाला. "मला एक सांगायचं राहिलं. त्याला सांगायचं होतं. आता कोणाला सांगू म्हणून इथे आलो." त्याने डाव्या हाताने खिसा चाचपला आणि चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. "अपघाताच्या आठ दिवस आधी दुकानाच्या दाराखालून आली."

वकिलाने हात पुढे केला, पण चिठ्ठी समोरच्याने धाकटीला दिली. बाबांचं अक्षर होतं, थरथरलेलं.

'जिवाला की जीवाला? तू म्हणशील तसं.'

"ही तीच वेलांटी?" आत्याने विचारलं.

"तीच," समोरच्याने मान खाली घातली. "आमच्या दोघांच्या दुकानाची पाटी होती. दगडाला अक्षर दिलं, जिवाला जीव दिला. मी म्हणायचो ऱ्हस्व, लोक तसंच बोलतात. तो म्हणायचा दीर्घ, जीव संस्कृतातून आलाय, त्याला आखडायचं नाही. शेवटी मी ती पाटीच फोडली."

"जिवाला जीव देण्यावरून?" वकिलाने विचारलं. "त्यातल्या वेलांटीवरून तुम्ही बावीस वर्षं..."

"तरुण होतो आम्ही."

"चाळिशीत होतात," आई म्हणाली.

"मी आठ दिवस चिठ्ठी खिशात ठेवली," समोरचा म्हणाला. "म्हटलं, बावीस वर्षं मी थांबलो, आठ दिवस तो थांबू दे. पण रात्री झोप येईना. बुधवारी निघालो. त्याला सांगणार होतो, दीर्घच ठेव, तुझंच बरोबर. तो दारात उभा होता. मी येतोय हे दिसलं तसा हसला. असा तो शेवटचा कधी हसला होता मला आठवत नाही. मग त्याची नजर माझ्या मागे गेली, आणि तो धावत सुटला."

"काही बोलले का?" वकिलाचा आवाज एकदम साधा झाला होता. "नेमके शब्द सांगा."

"'बाजूला हो, गाढवा.'"

"एवढंच?"

"एवढंच. बावीस वर्षांनी बोलला आणि एवढंच बोलला. मरायचं की वाचवायचं, मला काही कळत नाही बाबा. माझ्या गाढवपणाखेरीज त्यात कशाचाच उल्लेख नव्हता. पण एक सांगतो. तो उत्तराला थांबला होता. उत्तर दोन हातांवर येऊन उभं असताना तो कुठे जाणार होता?"

धाकटीने दगडाकडे पाहिलं. जि, वा, ला. तिने टिंबांवर बोटं ठेवली. 'जि'ला काना नाही, 'वा'ला आहे, आणि तिसऱ्या टिंबानंतरची ती जास्तीची जागा 'ला'चा काना होता. पहिल्या टिंबाच्या डावीकडची रेघ जिन्यातली नव्हती. ऱ्हस्व वेलांटीची दांडी अक्षराच्या आधी येते. बाबांनी तिची जागा धरून ठेवली होती.

"त्यांनी तुमच्यासाठी ऱ्हस्व आखला होता," ती म्हणाली. "ही तुमच्या फुटलेल्या पाटीचीच नवी पाटी आहे. मागचं कोरून झालं होतं, पुढचं..."

आणि ती थांबली.

पुढचं. या घरात, या कारखान्यात, चार पिढ्या पुढचं म्हणजे ओळीचा कोरायचा राहिलेला, सुरुवातीचा भाग. हात थरथरू लागला होता, मागचे दोन शब्द कसेबसे सुबक उतरले होते, आणि तिने छिन्नी काढून घेतली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल. बरं. पुढचं तू बघ. दगड तिला दाखवायचा होता. दाखवायच्या आधी फक्त समोरून उत्तर यायचं होतं, म्हणून ते दारात जाऊन उभे राहिले होते.

तिने सगळं सांगून टाकलं. दंतवैद्याची पाटी, वाकडा त, हातातून घेतलेली छिन्नी, ते वाक्य. नऊ दिवस मी हेच पोटात घेऊन फिरत होते, म्हणाली. बोलून झालं तेव्हा वकील हेतूबद्दल काहीतरी बोलणार होता, पण आत्याने निळ्या नाकानिशी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

"मग बघ ना पुढचं," आई म्हणाली.

"पण ऱ्हस्व नको!" समोरचा उठून उभा राहिला. "हा अन्याय आहे. मी नमतं घ्यायला निघालो होतो. दीर्घ कर, पोरी. त्याच्यासाठी."

"त्यांनी ऱ्हस्वाची जागा सोडली आहे. तुमच्यासाठी," काका म्हणाले. "आणि व्याकरणाच्या दृष्टीने पाहता..."

"तुम्ही कोड्यातलं बघा, मास्तर!"

खालून चिटणिसांची हाक आली, मजकूर तयार आहे का म्हणून. आत्या खिडकीतून ओरडली, "अजून मागचं चाललंय! थांबा!"

धाकटीने कारखान्यातून छिन्नी आणि हातोडी आणली आणि टेबलावर, वाटीच्या डागांमध्ये, दगड नीट सरळ केला. घरच्या नियमाप्रमाणे सुरुवात 'ला'पासून होती. 'जि'पर्यंत पोचायला संध्याकाळ झाली असती, तोपर्यंत भांडायला सगळ्यांना भरपूर वेळ होता, आणि ते भांडत होतेच. तिने छिन्नीचं टोक तिसऱ्या टिंबावर टेकवलं.

"हात थरथरतोय तुझा," आई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली, आणि पहिला घाव घातला.